पाक गोळीबंद हवा!

आधीच सांगून ठेवते, हा लेख केस काढण्यावर आहे. डोक्यावरचे नाही, हातापायांवरचे. मुलांना इथेच पान उलटून क्रिकेटवरच्या लेखाकडे जायचं असेल तर जा बापडे. पण थांबलात तर पुढे साखर, लिंबू, व्हिस्कॉसिटी, बिब्बा आणि क्लिओपात्रा असं सगळं येणार आहे, आणि यातलं निम्मं फर्स्ट इयरच्या केमिस्ट्रीत आहे. माझं मराठी कॉन्व्हेंटचं आहे. (आपल्या विदर्भात गल्लीतल्या दोन खोल्यांच्या बालवाडीलाही कॉन्व्हेंटच म्हणतात, पण माझी शाळा खरोखरची सिस्टर्सची होती!) तेव्हा ऱ्हस्व-दीर्घ संपादकांनी बघावं, मत मात्र माझं आहे.

मत असं, की ज्यांची कातडी नाजूक आहे त्यांच्यासाठी साखरेचा पाक ही केस काढायची चांगली पद्धत आहे. पण ती 'नॅचरल' आहे म्हणून चांगली नाही. तिची कारणं वेगळी आहेत, ती कळली तर पाक उपयोगाचा, नाही कळली तर तोही भाजतो.

लिहायला बसले त्याचं कारण आमच्या मजल्यावरचंच आहे. ऑक्टोबरमध्ये एका ज्युनियरने वरच्या ओठावरची लव काढायला क्रीम लावली. डब्यावर पानाफुलांचं चित्र होतं आणि 'नॅचरल' असं लिहिलेलं होतं. वेळ झाली तरी केस निघेनात, म्हणून तिने अजून थोडा वेळ ठेवली. सकाळी ओठाच्या वर लाल पट्टा, दुपारपर्यंत पाणी धरलेलं. पाच दिवस ती स्कार्फ बांधून कॉलेजला गेली. चंद्रपुरात ऊन असो की धूळ, निम्म्या मुली तोंडाला स्कार्फ बांधूनच फिरतात, त्यामुळे कोणाला काही कळलंच नाही. ओरलच्या दिवशी सरांनी स्कार्फ काढायला सांगितला, तर ती ओरल न देताच परत आली. डॉक्टरकडे का गेली नाहीस विचारलं तर म्हणते, "काय सांगू ताई त्यायले? मिशी काढत होती म्हणून सांगू?"

हे वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही. भाजलं तर भाजलं, ते बरं झालं, थोडा काळपट डाग राहिला आहे. पण कुकरच्या वाफेने हात भाजला असता तर हीच पोरगी रेक्टर मॅडमकडे धावत गेली असती. ओठ भाजला तर स्कार्फ बांधला.

आता क्रीममध्ये नेमकं काय होतं ते बघू. केस हा केराटिन नावाच्या प्रोटीनचा बनलेला असतो आणि त्याचा मजबूतपणा डायसल्फाइड बाँड्समध्ये असतो. क्रीममधलं थायोग्लायकोलेट हे बाँड तोडतं, आणि त्याला काम करता यावं म्हणून क्रीम चांगलीच अल्कलाइन ठेवतात, पीएच बाराच्या आसपास. गंमत अशी की आपल्या कातडीचा वरचा थरही केराटिनचाच असतो. क्रीमला केस कोणता आणि गाल कोणता हे काय माहीत? ते फक्त घड्याळाला माहीत असतं. म्हणून डब्यावर लिहिलेली मिनिटं ही सूचना नसून मर्यादा असते. पानाफुलांचं चित्र काढल्याने पीएच खाली येत नाही.

दुसरा पर्याय पार्लरचा. माझ्या रूममेटला गरम वॅक्स केलं की दोन दिवस गुडघ्यापासून खाली लाल पुरळ. पार्लरवाली म्हणाली, "तुमची स्किनच खराब आहे ताई." स्किन खराब नाही, वॅक्समध्ये बहुतेक वेळा राळ असते, इंग्रजीत जिला रोझिन किंवा कोलोफोनी म्हणतात. पाइनच्या झाडातून येते. (म्हणजे तीही नॅचरलच!) व्हायोलिनच्या बो-ला घासतात तीच. ही राळ अनेकांना सोसत नाही, इतकी की त्वचारोगतज्ज्ञ ॲलर्जी शोधायला पाठीवर जे पदार्थ लावून बघतात त्यांत तिचा नंबर ठरलेला असतो. वर सुगंध, वर उष्णता. आणि एवढं करून वॅक्सचा राहिलेला चिकटा पाण्याने जात नाही, तेल लावून घासावा लागतो. आधीच सोललेल्या कातडीवर हे घासणं म्हणजे जखमेवर मीठ.

आता पाकाकडे येते. हा मला यूट्यूबने नाही शिकवला, वडशाच्या काकूंनी शिकवला. मी वडशाची, म्हणजे देसाईगंजची. जे पुण्या-मुंबईहून इथे आलेत त्यांच्यासाठी सांगते, वडसा हे झाडीपट्टीच्या नाटकांचं गाव आहे. दिवाळी झाली की भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीतल्या गावागावांत मंडई भरते, आणि मंडई म्हटली की रात्री नाटक. नाटक कंपन्यांची ऑफिसं वडशात, त्यांचे बोर्ड मेन रोडवर ओळीने लागलेले. सीझनमध्ये कलाकार रोज रात्री वेगळ्या गावात, पहाटे गाडीत झोप आणि संध्याकाळी परत तोंडाला रंग. आमच्या शेजारच्या काकू छोटं पार्लर चालवतात आणि सीझनला या नट्यांचं काम करतात.

काकू वॅक्स वापरत नाहीत. एकदा मी विचारलं तर म्हणाल्या, "अवो बाई, खेड्यात गरम पानी कुठून आणू? हे कसं, तांब्याभर थंड्या पान्यानं निंगते." बस्स! साखर पाण्यात विरघळते, राळ विरघळत नाही. पुस्तकातली सोल्युबिलिटी मला तिथे कळली. रोज रात्री जाड मेकअप लावायचा, तो रॉकेलच्या वासाच्या कसल्याशा तेलाने पुसायचा, त्या कातडीला आणखी घासणं परवडत नाही. काकूंच्या गिऱ्हाइकांची कातडी हेच त्यांचं पोट आहे, त्यामुळे त्यांच्याकडे फॅशनला जागा नाही. जे चालतं तेच चालतं.

कृती अशी. दोन वाट्या साखर, पाव वाटी लिंबाचा रस, पाव वाटी पाणी, जाड बुडाच्या पातेल्यात मंद आचेवर. आधी बुडबुडे मोठे येतात, मग बारीक आणि घट्ट होतात, रंग मधासारखा होतो. वाटीत गार पाणी घेऊन त्यात थेंब टाकायचा. थेंब पसरला तर अजून वेळ आहे. गोळी झाली आणि बोटांनी दाबल्यावर मऊपणे दबली, की गॅस बंद. हाच गोळीबंद पाक. आपल्या आयांना यासाठी थर्मामीटर लागत नाही, पण ज्यांना आकडा हवा त्यांच्यासाठी, साधारण ११८ ते १२० अंश सेल्सिअस. पाणी तर १०० ला उकळतं, मग पाक १२० ला कसा जातो? बॉइलिंग पॉइंट एलेव्हेशन! पाणी उडत जातं, साखरेचं प्रमाण वाढतं, उत्कलनबिंदू वर सरकतो. या टप्प्याला पातेल्यात पाणी उरलेलं असतं जेमतेम सातवा-आठवा हिस्सा. म्हणजे 'एकतारी, दोनतारी, गोळीबंद' हे आजीचं मोजमाप खरं तर कॉन्सन्ट्रेशनचं मोजमाप आहे. हे जर फर्स्ट इयरला कोणी असं शिकवलं असतं तर मला केमिस्ट्रीत जास्त मार्क पडले असते.

लिंबू कशाला? नुसती साखर उकळली तर गार होताना तिची परत साखर होते, खडे धरतात. संक्रांतीच्या हलव्याला नेमकं तेच हवं असतं, म्हणून तर त्याला काटे येतात. इथे खडे आले तर ते कातडीवर सँडपेपरसारखे घासतील. आंबट आणि उष्णता मिळून सुक्रोजचे दोन तुकडे करतात, ग्लुकोज आणि फ्रुक्टोज. तीन प्रकारच्या साखरा एकमेकींत मिसळल्या की कोणालाच नीट रांगेत बसता येत नाही आणि पाक काचेसारखा राहतो. (आमच्या मेसच्या लाइनसारखं.) उन्हाळ्यात लिंबू दहा रुपयांना एक झालं तर चिमूटभर लिंबूसत्वही चालतं.

गार झाल्यावर, म्हणजे बोटाला फक्त कोमट लागेल इतका, त्यातला लिंबाएवढा गोळा घेऊन तो ओढून-दुमडून फिका होईपर्यंत मळायचा. मग केसांच्या उलट दिशेने कातडीवर दाबत पसरायचा आणि केस ज्या दिशेने वाढतात त्या दिशेने झटक्यात काढायचा. दुसऱ्या हाताने कातडी ताणून धरायची, आणि गोळा वर उचलायचा नाही, कातडीला समांतर ओढायचा. झटक्यात का, तर पाक व्हिस्कोइलास्टिक आहे. हळू दाबला तर द्रवासारखा वाहतो आणि केसाच्या भोवती जाऊन बसतो, एकदम ओढला तर घन पदार्थासारखा वागतो आणि केसाला धरून येतो. हळूहळू ओढलात तर केस तिथेच आणि पाक तारेसारखा लांबतो, आणि तुम्ही भिंतीला, चादरीला, रूममेटला चिकटता. पद्धत जमेपर्यंत जुन्या जीन्सच्या पट्ट्या वापरल्या तरी चालतात, फक्त पट्टीला पाक थोडा पातळ लागतो.

चंद्रपूरची एक वेगळी भानगड आहे जी कुठल्या रेसिपीत लिहिलेली नसते. मे महिन्यात इथे पारा ४५ च्या वर जाणं ही बातमी नसते, आणि त्या खोलीत पुस्तकी पाक हातात घेतला की सरबत होतो. उन्हाळ्यात जरा पुढे न्यावा लागतो, डिसेंबरात जरा आधी थांबवावा लागतो. जुलै-ऑगस्टमध्ये तर फ्रुक्टोज हवेतला ओलावा पितं आणि पाक कातडीला नीट धरतच नाही. वर घाम. काकू पावसाळ्यात आधी टाल्कम पावडर लावून कातडी कोरडी करून घेतात, आणि तरी म्हणतात, "श्रावनात येऊच नको."

आता थोडा इतिहास, कारण जाहिरातवाल्यांनी त्याची वाट लावली आहे. मोठ्या शहरांतल्या पार्लरात याच पाकाला 'शुगरिंग' म्हणतात, भरपूर पैसे घेतात आणि सांगतात की क्लिओपात्रा हेच वापरायची. जरा हिशोब करा. क्लिओपात्रा इसवी सनापूर्वी ३० मध्ये वारली. ऊस इजिप्तमध्ये गेला तो अरबांबरोबर, म्हणजे तिच्यानंतर सातएकशे वर्षांनी. तिने मधाबिधाचं काही वापरलं असेल तर असेल, साखरेचा पाक काही वापरला नसणार. उसाच्या रसापासून दाणेदार साखर करायची विद्या आपल्याकडची. संस्कृत शर्करा, त्याचं फारसीत शकर, अरबीत सुक्कर. इजिप्त-लेबनॉनकडे बायका पिढ्यान्पिढ्या हा पाक घरी करतात आणि त्याला सुक्कर म्हणतात, किंवा हलावा. हलावा म्हणजे गोड, आणि आपला हलवा हा शब्द त्याच घरातला! साखर इथून तिकडे गेली, हलवा तिकडून इकडे आला, आणि आता शुगरिंग नावाने आपलाच पाक आपल्याला डबीतून परत मिळतो. आपल्याकडच्या 'हनी वॅक्स'च्या बऱ्याच डब्यांवरची यादी वाचून बघा, साखर, ग्लुकोज, पाणी, सायट्रिक ॲसिड. मध असला तर नावापुरता.

आता या 'नॅचरल'कडे येते, कारण माझं खरं भांडण त्याच्याशी आहे.

आपण राहतो ते जंगलाच्या जिल्ह्यात. ताडोबा एका बाजूला, गडचिरोलीचं रान दुसऱ्या बाजूला. 'नैसर्गिक म्हणजे निरुपद्रवी' हे वाक्य जंगलात राहणाऱ्या कोणालाही ऐकवा, हसेल. बिब्बा नैसर्गिकच आहे. भिलाव्याच्या झाडाचं फळ, काळं तेल निघतं, पूर्वी धोबी कपड्यांवर खुणा करायला वापरायचे. ते कातडीला लागलं की फोड येतात, उततं, डाग वर्षभर जात नाही. खाजकुइलीच्या शेंगेवरची लव नैसर्गिक आहे, ती एकदा कॉलरमध्ये जाऊ द्या, मग बोला. हरताळ तर खनिज, साक्षात धरतीमातेच्या पोटातला. आयुर्वेदाच्या जुन्या ग्रंथांत केस घालवायच्या लेपांना लोमशातन म्हणत आणि त्यांतल्या काहींत हरताळ असे. हरताळ म्हणजे आर्सेनिकचं सल्फाइड. केस जायचे, यात शंका नाही!

लिंबाचंही तेच. पाकातलं लिंबू शिजतं, पातळ होतं आणि शेवटी धुऊन जातं. पण काही मुली केस काढल्यावर 'टॅन जातो' म्हणून अर्धं लिंबू तसंच हातावर घासतात आणि प्रॅक्टिकलला उन्हातून निघतात. लिंबाच्या रसात, सालीत तर जास्तच, अशी द्रव्यं असतात जी सूर्यप्रकाशात कातडी जाळतात. फोड येतात आणि नंतर तपकिरी ओघळ महिनोन्‌महिने राहतात. चंद्रपूरच्या उन्हात हा प्रयोग करू नका.

आणि आपल्या घरातली सगळ्यात नैसर्गिक पद्धत म्हणजे बाळाच्या अंगावर पिठाचा गोळा फिरवणं. डाळीचं पीठ किंवा कणीक, हळद, दूध, आणि लव जाईपर्यंत घासायचं. नवजात बाळाची लव काही आठवड्यांत आपोआप गळते, कोणी न घासताही. घासल्याने फक्त कातडी लाल होते आणि बाळ रडतं. माझ्या मामेभावाच्या वेळी मी हे बोलले तर आजी म्हणाली, "तू इंजिनियर हाय का डाक्टर?" असो. आजीशी वाद घालायचा नसतो, पण गोळा लपवून ठेवता येतो.

म्हणजे मग पाक नाजूक कातडीला बरा का? कारण त्यात राळ नाही, सुगंध नाही, बारा पीएच नाही. तो कोमट असतानाच लावतात. उरला तर पाण्याने जातो. केसाच्या दिशेने काढल्यामुळे केस मधेच कमी तुटतात. एवढीच कारणं आहेत, आणि ती पुरेशी आहेत. बाकी "जिवंत त्वचेला चिकटतच नाही" हे जे डबीवर लिहिलेलं असतं ती थाप आहे. बोटाला चिकटतो तो पायाला नाही चिकटणार? एकाच जागी तीन-चारदा ओढलात तर पाकही साल काढतो. केस मुळापासूनच उपटला जातो, म्हणजे दुखणार, थोडं लाल होणार, काहींना बारीक पुळ्या येणार, काहींचे केस आतल्या आत वळणार. तीन-चार आठवड्यांनी केस परत येणार. (रेझरने केस जाड होतात ही मात्र अफवा. टोक तिरपं कापल्यामुळे फक्त राठ लागतात.)

तेव्हा आधी कोपराच्या आतल्या बाजूला रुपयाएवढ्या जागेवर लावून एक दिवस थांबायचं. केस पाच-सहा मिलिमीटर तरी वाढलेले हवेत. उन्हाने भाजलेल्या, खरचटलेल्या, एक्झिमा असलेल्या जागेवर नाही, तिळावर-मसावर नाही. आणि हे सगळ्यात महत्त्वाचं. पिंपल्ससाठी ट्रेटिनॉइनसारखी मलमं लावत असाल किंवा आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या चालू असतील, तर पाक, वॅक्स, काहीच नाही. या औषधांनी वरचा थर नाजूक झालेला असतो, केसाबरोबर तोही निघून येतो. मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय आणलेल्या 'गोरं करणाऱ्या' मलमांत स्टिरॉइड असू शकतं, त्यानेही कातडी पातळ होते. आमच्या मजल्यावर अशा ट्यूब किती जणींकडे आहेत ते मी सांगणार नाही, पण पाक लावायच्या आधी आपापल्या कपाटात बघा. एकीसाठी वापरलेला गोळा दुसरीला नाही, टाकून द्यायचा, दहा रुपयांची साखर आहे. झाल्यावर गार ओला कपडा, साधं मॉइश्चरायझर, आणि एक दिवस घट्ट लेगिंग्ज नको.

कोणी म्हणेल, काढायचेच कशाला? बरोबर आहे, नका काढू. हातावर केस असणं हा रोग नाही, आणि गोंडवनातल्या कितीतरी आज्यांनी आयुष्यभर याचा विचारही केला नसेल. माझी शाळा स्कर्टची होती, सातवीत पायाकडे बघून हसणारी पोरं आठवतात, म्हणून मी काढते की मला आवडतं म्हणून काढते, हे मलाही नीट सांगता येणार नाही. पण एक नक्की, वर्गात मागच्या बेंचवरून एखादीला "अनिल कपूर" म्हणून हाक मारणाऱ्यांना या विषयावर मत देण्याचा अधिकार नाही. ते गमतीत म्हणतात, मान्य. ती रात्री क्रीम लावून झोपते, हे त्यांना माहीत नसतं. आता झालं.

आणि एक बाजू आहे जी पार्लरवाले कधीच सांगत नाहीत. हनुवटीवर, ओठावर, पोटावर जाड काळे केस यायला लागले, पाळी दोन-दोन महिने येत नाही, वजन आणि पिंपल्स वाढतायत, तर तो केस काढायचा विषयच नाही. तो पीसीओएस असू शकतो, थायरॉइड किंवा आणखी काही असू शकतं. साधी तपासणी असते, उपचार असतात. इथे पाक नको, डॉक्टर हवा. पण जिला "मिशी" हा शब्द डॉक्टरसमोर उच्चारता येत नाही ती हे कसं सांगणार?

गडचिरोलीत डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी 'सर्च' ही संस्था सुरू केली, आणि दोन खेड्यांतल्या ६५० बायकांची तपासणी केली. तो अभ्यास १९८९ मध्ये 'लॅन्सेट' या जगप्रसिद्ध नियतकालिकात छापून आला. ९२ टक्के बायकांना काही ना काही स्त्रीरोग होता, आणि आधी कधीतरी तपासणी झालेल्या होत्या फक्त ८ टक्के. आपल्या बाजूच्या जिल्ह्यातली ही गोष्ट जगभर शिकवली जाते. तेव्हाच्या त्या बायकांकडे दवाखाना नव्हता, रस्ता नव्हता. आपल्याकडे दोन्ही आहे. रिक्षाने पंधरा मिनिटांवर सरकारी मेडिकल कॉलेजचं हॉस्पिटल आहे. तरी पाच दिवस स्कार्फ.

म्हणून रेक्टर मॅडमना या लेखातूनच एक विनंती करते, कारण अर्ज केला तर विषय काय लिहायचा हाच प्रश्न आहे. मॅडम, खोल्यांत हॉट प्लेट वापरायला बंदी आहे ते योग्यच आहे. तरी त्या आहेत, हे तुम्हालाही माहीत आहे आणि सबमिशनच्या आदल्या रात्री एमसीबी ट्रिप होते तेव्हा सगळ्या मजल्याला माहीत होतं. पलंगावर हॉट प्लेट, त्यावर १२० अंशांचा पाक, बाजूला जर्नल, ही दुर्घटना वाट बघत बसली आहे. उकळतं पाणी अंगावर सांडलं तर ओघळून जातं, पाक चिकटून बसतो आणि भाजत राहतो. (भाजलंच तर लगेच वाहत्या गार पाण्याखाली वीस मिनिटं, पाक त्यातच विरघळतो. टूथपेस्ट नको, बर्फ नको. आणि मे महिन्यात टाकीचं पाणीच चहासारखं येतं, तेव्हा कूलरचं किंवा माठातलं घ्या.) त्यापेक्षा महिन्यातून एका रविवारी दुपारी, मेसचं जेवण आटपल्यावर, दोन तास पॅन्ट्रीतला गॅस आम्हाला मिळावा. मेसच्या मावशींना विचारून झालं आहे, त्यांची हरकत नाही, फक्त पातेलं घासून द्या म्हणाल्या. आणि पहिल्या मजल्यावरच्या नोटीस बोर्डवर, जिथे डेंग्यूचं पोस्टर आहे, तिथे स्किन आणि स्त्रीरोगाच्या ओपीडीचे वार आणि वेळा लावाव्यात. चारचौघात विचारायला लागू नये म्हणून.

साखर आम्ही वर्गणी काढून आणू. लिंबं गर्ल्स हॉस्टेलच्या मागच्या झाडाची चालतील, माळीकाकांनी तोडू दिली तर. पहिल्या रविवारी पाक मी करीन. ज्या पोरीने ओरल दिली नाही तिला मी आत्ताच सांगितलं आहे, की तुला लावायचा नाही, तुझा डाग जाईपर्यंत तू फक्त थेंब पाण्यात टाकून गोळी झाली का ते बघायचं. म्हणाली, "गोळी झाली का नाही, कसं समजन?"

बोटाने दाबून, म्हटलं.